आधी धूर दाखव, मग आग सांग

पत्र: मी पाचवीच्या वर्गाला भाषा शिकवते. वर्गात बत्तीस मुलं आहेत आणि बहुतेक जण न अडखळता वाचतात. 'कोण, कुठे, केव्हा' विचारलं की भराभर हात वर येतात. 'का' विचारलं की माना खाली जातात, नाहीतर मनाला येईल ते ठोकून दिलं जातं. 'डोळे मिटा आणि उताऱ्याचं चित्र बघा' हाही प्रयोग करून पाहिला. मग ते चित्र कागदावर काढायला सांगितलं, तर निम्म्या वर्गाने दोन डोंगर, त्यांच्यामधून उगवणारा सूर्य आणि नदी काढली. उतारा पावसाळी संध्याकाळचा होता! एक मुलगी तर म्हणाली, 'मला डोळे मिटल्यावर काहीच दिसत नाही.' चित्र डोळ्यांसमोर आणणं आणि अनुमान काढणं या गोष्टी शिकवता येतात का, की त्या मुळातच असाव्या लागतात? आणि आधी कोणती शिकवायची?
– एक शिक्षिका

उत्तर:

शिकवता येतात, आणि आधी-नंतर असा प्रश्नच नाही, कारण त्या एकत्रच शिकवायच्या आहेत. डोंगरांमधला सूर्य पाहून मुलांना कल्पनाशक्ती नाही असं मात्र समजू नका. 'चित्र काढा' हे शब्द कानावर पडले की हात सवयीचं चित्र काढून मोकळा होतो, त्यासाठी उताऱ्याची गरजच पडत नाही. हे चित्र उताऱ्यातल्या शब्दांनी उभं करायचं आहे, हे त्या सूचनेत कुठेच नव्हतं.

अनुमान म्हणजे काय, हे सांगायला न्यायशास्त्रातलं, म्हणजे आपल्याकडच्या प्राचीन तर्कशास्त्रातलं, जुनं उदाहरण अजूनही सगळ्यात सोपं आहे. डोंगरावर धूर दिसतो. जिथे धूर असतो तिथे आग असते. म्हणून डोंगरावर आग आहे. धूर डोळ्यांना दिसतो, धुराचं आणि आगीचं नातं आपल्याला आधीपासून माहीत असतं, आणि न दिसलेली आग आपण या दोहोंवरून ओळखतो. वाचताना उताऱ्यातला शब्द हा धूर, मुलाला आधीपासून असलेली माहिती हे नातं आणि 'का'चं उत्तर ही आग. गप्प बसणाऱ्या मुलाला एकतर धूर दिसलेला नसतो, नाहीतर नातं ठाऊक नसतं. मनाचं ठोकून देणारं मूल धुराशिवायच आग लावतं. या तिघांचे उपाय वेगवेगळे आहेत, म्हणून उत्तर चुकलं की 'नीट वाच' म्हणू नका. यातलं नेमकं काय निसटलं ते आधी बघा.

मनातलं चित्र या सगळ्यात कुठे बसतं? हे चार वाक्यांचे तुकडे पाहा:

'मीनाने खांद्याने दार ढकललं. छत्री कोपऱ्यात उभी केली, तशी तिची एक काडी बाहेर लोंबली. फरशीवर दारापासून पावलांचे ठसे उमटत गेले. आजीने न बोलता टॉवेल पुढे केला.'

यात 'पाऊस' हा शब्द एकदाही आलेला नाही, तरी वाचणाऱ्याच्या चित्रात पाऊस पडतोच. कोणी मीनाच्या हातात दप्तर दिलेलं असतं, कोणी आजीच्या कपाळावर आठ्या घातलेल्या असतात. चित्राचा अर्धा भाग लेखकाचा आणि अर्धा वाचणाऱ्याचा असतो, आणि वाचणाऱ्याने घातलेला तो अर्धा भाग म्हणजेच अनुमान. म्हणून चित्र हे अनुमान पकडायचं साधन म्हणून वापरा. मुलाच्या डोक्यात काय चाललंय हे 'का'च्या उत्तरापेक्षा चित्रातून लवकर कळतं.

पहिल्या आठवड्यात मुलांना काहीच करायला लावू नका, तुम्ही करून दाखवा. साठ ते ऐंशी शब्दांचा, ओळखीच्या विषयावरचा उतारा घ्या. त्यात अनोळखी शब्द एक किंवा दोन, त्याहून जास्त नकोत. आदल्या दिवशी पेन्सिलीने थांबायच्या दोन-तीन जागा ठरवून ठेवा. वर्गासमोर वाचा, त्या जागी थांबा आणि मोठ्याने विचार करा. अगदी असा:

'खांद्याने दार ढकललं. हातांनी का नाही? हात रिकामे नसतील. माझ्या चित्रात तिच्या हातात आता दप्तर आलंय, पण दप्तर उताऱ्यात नाही, ते मी घातलंय. छत्रीची काडी लोंबतेय, म्हणजे छत्री मोडलीय. नुसत्या पावसाने मोडत नाही, वारा असणार. आजी बोलत नाहीये. रागावली असेल. कदाचित. अजून नक्की नाही.'

शेवटचं 'अजून नक्की नाही' गाळू नका. चांगला वाचक आपलं अनुमान धरून ठेवतो, पण घट्ट नाही, ही गोष्ट मुलांना एरवी कुणी दाखवत नाही. मग पुढचं वाक्य वाचा: '"या आठवड्यातली तिसरी," ती पुटपुटली आणि कोपऱ्याकडे बघून हसली.' आता आजीच्या आठ्या पुसाव्या लागतात. 'तिसरी' कोण? टॉवेल नव्हे, तो 'तिसरा' झाला असता. कोपऱ्यात उभी आहे ती छत्री. म्हणजे या आठवड्यात आणखी दोन मोडल्या आहेत! एका शब्दाच्या लिंगावरून एवढं सगळं कळतं.

दुसऱ्या आठवड्यापासून काम मुलांकडे जाऊ द्या. आधी तुम्ही वाचा, मुलं ऐकतील. वाचणं आणि चित्र उभं करणं ही दोन्ही ओझी एकदम देऊ नका. डोळे मिटायला सांगायची गरज नाही, कारण स्वतः वाचताना डोळे मिटून कसं चालेल? ऐकून झाल्यावर उतारा हातात द्या आणि दोन मिनिटांत पेन्सिलीने काड्यांची माणसं काढायला सांगा. रंग नाहीत, खोडरबर नाही. रंगपेटी बाहेर आली की भाषेचा तास संपला आणि चित्रकलेचा सुरू झाला असं समजा. मग चित्रातल्या प्रत्येक वस्तूशेजारी एक अक्षर लिहायचं: उताऱ्यात शब्द असेल तर 'श', मनातून आलं असेल तर 'म'. छत्री 'श', ठसे 'श', पाऊस 'म', दप्तर 'म'. डोंगरामागचा सूर्य काढणारा मुलगा सूर्यावर 'म' लिहितो आणि बहुतेक वेळा स्वतःच थबकतो. तुम्हाला काही बोलावं लागत नाही.

मग फक्त 'म'वर बोला. प्रत्येक 'म'साठी एकच प्रश्न: 'कोणत्या शब्दाने हे तुला घालायला लावलं?' शब्द दाखवता आला तर 'म' राहतो. शब्द नाही पण उतारा विरोधही करत नाही, तर कंसात राहतो. दप्तर तसं आहे. उतारा विरोध करत असेल तर काट मारायची, खोडायचं नाही, कारण काय बदललं ते नंतर दिसलं पाहिजे. अर्ध्या उताऱ्यावर एकदा आणि शेवटी एकदा असं दोनदा चित्र तपासायला लावा, दुसऱ्या वेळी निळ्या पेनाने. बरीच मुलं पहिलं चित्र काढतात आणि उरलेला सगळा उतारा त्याच चित्रात कोंबतात. त्यांचं पुढचं आकलन तिथूनच बिघडत जातं.

तिसऱ्या आठवड्यात चित्राबरोबर तक्ता आणा. वहीच्या पानावर तीन रकाने: 'लिहिलंय काय', 'मला आधीच माहीत काय', 'म्हणून वाटतं काय'. मधला रकाना सगळ्यांत महत्त्वाचा आणि मुलं नेमकी तोच रिकामा सोडतात. 'छत्रीची काडी लोंबली' आणि 'वारा होता' यांच्यामध्ये 'जोराच्या वाऱ्याने छत्री मोडते' हे लिहायला लावा, ते कितीही उघड वाटलं तरी. ज्याला ते माहीत नाही त्याला तिथेच कळतं की आपलं घोडं कुठे अडलंय, आणि तुम्हालाही कळतं की त्याला वाचन नव्हे, माहिती कमी पडतेय. तिसऱ्या रकान्यातल्या प्रत्येक वाक्यापुढे 'नक्की', 'बहुधा' किंवा 'कदाचित' यांपैकी एक शब्द हवाच.

एका उताऱ्याला पंधरा-वीस मिनिटं, आठवड्यातून तीनदा. उतारा दीडशे शब्दांपर्यंत वाढला तरी थांबे तीनच ठेवा. प्रत्येक वाक्यापाशी थांबलात तर गोष्टीचा धागा तुटतो आणि मग डोळ्यांसमोर चित्र नाही, तुकडे उरतात.

आता मराठीतल्या धुराकडे वळू या, कारण तो बारीक असतो आणि त्यावर पाच-पाच मिनिटं खर्च करण्यासारखी आहेत. 'तो वेळेवर आला' आणि 'आज तरी तो वेळेवर आला' ही दोन वाक्यं फळ्यावर एकाखाली एक लिहा. काय बदललं? रोज उशीर होतो, आणि बोलणारा वैतागलेला आहे. 'पत्र आलं' आणि 'एकदाचं पत्र आलं': कोणीतरी फार दिवस वाट पाहत होतं. 'सुहास हसला' आणि 'सुहाससुद्धा हसला': बाकीचे हसलेच, आणि सुहास एरवी सहज हसणाऱ्यातला नाही. 'तो आजारी होता' आणि 'तो आजारी होता म्हणे': सांगणाऱ्याचा स्वतःचा भरवसा नाही. 'च', 'ही', 'तर', 'निदान', 'पुन्हा', 'चक्क' हे शब्द मुलं वाचताना अक्षरशः ओलांडून जातात, कारण त्यांचा अर्थ कोणी विचारत नाही आणि शब्दार्थाच्या यादीत ते कधी येत नाहीत. संवाद असेल तर 'तू'चं 'तुम्ही' कुठे झालं ते शोधायला लावा. दोन माणसांमधलं अंतर वाढलंय की मान वाढलाय, हे त्या एका जागी कळतं. ज्याचं नाव दिलेलंच नाही असं पात्र 'धावत आली' असेल तर चित्रात मुलगा काढणाऱ्याने 'श'कडे दुर्लक्ष केलंय.

सर्वनामांचं कोडं वेगळं द्या. 'रवीने सुहासला पेन्सिल दिली, कारण त्याची हरवली होती.' त्याची म्हणजे कोणाची? मग शेवट बदला: 'कारण त्याच्याकडे दोन होत्या.' वाक्याची रचना तीच राहते, पण पहिल्या वाक्यातला 'तो' सुहास आहे आणि दुसऱ्यातला रवी. व्याकरण इथे निर्णय देत नाही. पेन्सिल का दिली जाते हे माहीत असणं निर्णय देतं. अशा जोड्या मुलांना स्वतः करायला सांगा, फार आवडीने करतात. वाक्याला वाक्य जोडणारी ही अनुमानं दिसायला किरकोळ वाटतात, पण आकलनात मागे पडणारी पुष्कळ मुलं याच पायरीवर घसरतात. उलट, शाळांमधून सर्रास विचारला जाणारा 'पुढे काय होईल असं वाटतं?' हा प्रश्न माझ्या मते सगळ्यांत स्वस्त आहे. उतारा न वाचताही त्याचं उत्तर देता येतं. विचारायचाच असेल तर 'कशावरून?' जोडल्याशिवाय विचारू नका.

ठोकून देणाऱ्या मुलांबद्दल. 'आजी रागावली, कारण माझी आजी रागावते' हे उत्तर म्हणजे वडाची साल पिंपळाला. पण त्याला चूक म्हणून झटकू नका. आपल्या अनुभवाकडे हात नेला हे बरोबरच केलं. तो या उताऱ्याला लागू पडतो का हे तपासलं नाही एवढंच. 'तुझी आजी रागावते हे खरं. या आजीबद्दल कोणता शब्द सांगतो?' एवढं विचारा आणि थांबा. आणि खरंच थांबा. शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांतलं बोलणं ध्वनिमुद्रित करून तपासलं, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात असं आढळलं. तो वेळ तीन सेकंदांवर नेल्यावर मुलांची उत्तरं लांबली आणि पुराव्यावरून काढलेल्या अनुमानांचं प्रमाण वाढलं. मनातल्या मनात तीन अंक मोजा. फार लांब वाटतात, पण मोजा.

दुसरा सापळा आपलाच आहे. शिक्षकाच्या मनात एक उत्तर ठरलेलं असतं आणि मुलं उताऱ्यावरून नव्हे, बाईंच्या चेहऱ्यावरून अनुमान काढायला लागतात. त्यात ती पटाईत होतात! म्हणून उत्तर बरोबर असो वा चूक, 'कोणत्या शब्दावरून?' दोन्ही वेळा त्याच सुरात विचारा. तो प्रश्न फक्त चुकीच्या उत्तरानंतर आला, तर दोन दिवसांत मुलं तो ओळखतात आणि उत्तर बदलतात.

काही मुलांचा अडथळा अनुमानाचा नसतोच. शंभर शब्दांत दहापेक्षा जास्त ठिकाणी अडखळणाऱ्या मुलाचं सगळं लक्ष अक्षरं जुळवण्यात जातं. त्याला तोच उतारा वाचून दाखवा आणि मग विचारा; उत्तर आलं तर आकलन ठीक आहे, वाचनाचा सराव वेगळा द्या. दुसरी अडचण संदर्भाची. ब्रान्सफर्ड आणि जॉन्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये लोकांना एक उतारा ऐकवला होता. त्यातला प्रत्येक शब्द सोपा, पण तो कशाबद्दल आहे हे न सांगितल्यामुळे कुणाला धड काही कळेना. विषय कपडे धुण्याचा होता. तो आधी सांगितलेल्यांना उतारा समजला आणि जास्त लक्षातही राहिला. नंतर सांगून उपयोग झाला नाही. तेव्हा अनोळखी विषयाचा उतारा असेल तर त्यावरचं दोन मिनिटांचं बोलणं वाचनाआधी करा, प्रश्नोत्तरांच्या वेळी नाही.

मुलांना चित्र तपासायची सवय लागली का, हे पाहायला एक खोडसाळ उतारा द्या. पहिल्या ओळीत अमावास्येची रात्र, सहाव्या ओळीत 'चंद्राच्या उजेडात त्याची सावली लांब पडली'. काही न सांगता वाचायला द्या आणि 'कळलं का सगळं?' विचारा. बहुतेक 'हो' म्हणतील, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. मानसशास्त्रज्ञ एलन मार्कमन यांच्या १९७९ मधल्या प्रयोगांत सहावीतल्या मुलांच्याही नजरेतून अशा विसंगती निसटल्या होत्या. पुढे १९८६ मध्ये गॅम्ब्रेल आणि बेल्स या वाचन-संशोधकांनी चौथी-पाचवीतल्या, वाचनात मागे असलेल्या मुलांना वाचताना मनात चित्र उभं करायला सांगितलं, तेव्हा तसं न सांगितलेल्यांपेक्षा त्यांनी जास्त विसंगती पकडल्या. शब्दांवरून डोळे फिरवताना अमावास्या आणि चंद्र शेजारी नांदतात, चित्रात नांदू शकत नाहीत.

माहितीपर पाठांसाठी वेगळी तयारी लागत नाही, फक्त चित्राचा प्रकार बदलतो. देखाव्याऐवजी बाण आणि क्रम: काय आधी, कशामुळे काय, काय कुठे गेलं. 'वाळवंटात राहणाऱ्या फेनेक कोल्ह्याचे कान शरीराच्या मानाने खूप मोठे असतात. कानांतून शरीरातली उष्णता बाहेर पडते.' इतकंच वाचून 'बर्फाळ प्रदेशातल्या कोल्ह्याचे कान कसे असतील?' विचारा. आखूड, हे उत्तर आलं की तक्त्याचा मधला रकाना भरून घ्या: थंडीत उष्णता आत ठेवावी लागते.

मोजमाप साधं ठेवा. दर दोन आठवड्यांनी न वाचलेला शंभर-दीडशे शब्दांचा उतारा आणि तीन प्रश्न: एकाचं उत्तर उताऱ्यात थेट आहे, एकासाठी दोन वाक्यं जोडावी लागतात, एकासाठी न लिहिलेलं ओळखावं लागतं. शेवटच्या दोन उत्तरांखाली आधाराचा शब्द लिहायचा. उत्तर पटण्यासारखं नसेल पण शब्द योग्य असेल तरी अर्धा गुण द्या. चित्राला गुण देऊ नका, नाहीतर सूर्य परत येईल. सहा ते आठ आठवड्यांत 'कोणत्या शब्दावरून?' हा प्रश्न मुलं एकमेकांना विचारायला लागतील. तेव्हा हा वेगळा तास बंद करा. अनुमान हा काही वर्षभर शिकवायचा विषय नाही. तो वेळ पुस्तकं वाचण्यात आणि नवं काही कळण्यात गेला, तर मधला रकाना आपोआप भरत जातो.

राहिली ती मुलगी. ती खोटं बोलत नाहीये आणि टाळाटाळही करत नाहीये. काही माणसांच्या मनात चित्रं उमटतच नाहीत. मेंदूविकारतज्ज्ञ ॲडम झेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये याला 'अफँटेझिया' असं नाव दिलं. अशी माणसं उत्तम वाचतात आणि अनुमानही काढतात, फक्त ते चित्रावाचून. तुमच्या विद्यार्थिनीचं तसंच आहे की तिने सूचना फार शब्दशः घेतली, हे लगेच ठरवायची गरज नाही. तिला 'काय दिसतं?' विचारू नका. 'मीना दारातून किती पावलं आत आली असेल? आजी तिच्या समोर उभी आहे की बाजूला? ठसे कुणी पुसले असतील?' असं विचारा. काड्यांच्या माणसांऐवजी वरून पाहिल्यासारखा खोलीचा नकाशा काढू द्या: दार, कोपरा, दोन फुल्या आणि एक बाण. किंवा दोन मुलांना उभं करून प्रसंग तिच्या सूचनांप्रमाणे करायला लावा. ती 'तू थोडी मागे हो, छत्री आधी ठेवायचीय' असं म्हणाली, तर तिला उतारा समजला आहे. 'श' आणि 'म' तिच्या नकाशावरही लिहायचेच आहेत.